सहावं नाव

थांबा, भाजी गॅसवरून उतरवते आणि आधी हे लिहिते. आत्ता लिहिलं नाही तर पुन्हा साठ वर्षं राहील, आणि तेवढी आता माझ्याकडे नाहीत. झालं काय, की सकाळी आमच्या घराण्याच्या फोनवरच्या ग्रुपात माझ्या नातीने टाकलं की दसरा-दिवाळीच्या मधे आम्ही मित्रमैत्रिणी गाडी घेऊन निघतोय, मालवणवरून वर देवगड, विजयदुर्ग, मग फोंडा घाट चढून कोल्हापूर, येताना आंबोली. कुणाला काही सुचवायचं असेल तर सांगा. पोरीने दहा मिनिटांत आख्खा रस्ता आखला, नकाशासकट. लगेच खाली माझी चुलत बहीण कुंदा, जी आता बेळगावात असते आणि ग्रुपात कधी तोंड उघडत नाही, तिने लिहिलं, ‘शालनला विचारा. रस्ता तिलाच माहीत आहे.’ सगळ्यांनी हसरी तोंडं पाठवली. मी मात्र मेथी निवडता निवडता गार पडले. कारण हे वाक्य मी तिच्या तोंडून एकदा ऐकलंय, आचऱ्याच्या खाडीवर, सकाळी सव्वासातला.

आमचं घर तोंडवलीला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे माडांच्या ओळी आणि त्यात आम्ही. घरात बोलताना सुद्धा जरा मोठ्यानेच बोलायची सवय, कारण समुद्र सारखा मधे बोलायचा. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी, दुपारी मासळीचं सार, आणि आश्विन लागला की खळ्यात भात झोडण्याचा धप्प धप्प आवाज, तो दिवस मावळेपर्यंत. माणसं बरीच होती, पण या गोष्टीपुरती थोडीच सांगते. आजोबा, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. आजी. आई-बाबा. मी. आणि कुंदा. कुंदा माझ्या थोरल्या काकांची मुलगी. काका आगबोटीवर, दोन-दोन वर्षांनी यायचे. तिची आई ती चार वर्षांची असताना गेली आणि तिला वाढवलं ते तिच्या मोठ्या बहिणीने, आक्काने. आक्काचं लग्न घाटावर राधानगरीच्या बाजूला करून दिलं, तेव्हापासून तीन वर्षं ती माहेरी आली नव्हती. तिकडून यायला सोबत नाही, सासू आजारी, मग मूल झालं. कुंदा आणि मी एकाच वयाच्या, तेरा. एकाच चटईवर झोपायचो.

आता खरं सांगते. मला कुंदाचा हेवा वाटायचा. म्हणजे किती वाटायचा, तर ती आजारी पडली की तिला मऊ भात आणि तुपाची धार मिळते म्हणून मला ताप हवासा वाटायचा. ती माझ्यापेक्षा दोन बोटं उंच होती. तिचे केस गुडघ्याला टेकायला निघाले होते. तिचे वडील बोटीवरून येताना तिच्यासाठी साबणाच्या वड्या आणायचे, त्यांचा वास आठवडाभर आमच्या खोलीत रेंगाळायचा आणि मी नाक उशीत खुपसून झोपायचे. आणि घरातलं प्रत्येक माणूस तिच्याशी बोलताना आवाज जरा खाली आणायचं. आई तर मला हाक मारायची ती आंगणातून कुत्रं हाकलल्यासारखी, आणि तिला ‘कुंदा बाय’. तिने कधी माझं वाईट केलं नाही, हाच तर त्रास होता. भांडायला सुद्धा जागा ठेवली नव्हती तिने.

तर त्या वर्षी मुंबईहून नानाकाकांचं पत्र आलं. नानाकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांनी जुनी मोटार विकत घेतली होती, काळी, आणि ती घेऊन ते काकी आणि दोन लहान मुलांसह गावी येणार होते. पत्रात लिहिलं होतं की पाऊस संपला, हवा चांगली आहे, समुद्र आणि घाट दोन्ही बघून येऊ, दिवाळीच्या आत घरी. आजीला अंबाबाईचं दर्शन घडवू. वाटेत कुठे काय लागतं ते तात्यांना विचारून कळवा. तात्यांचं अक्षर तोवर कापरं झालेलं, म्हणून पत्र लिहायला मी बसले. आणि बसले ती बसलेच. शाळेचा नकाशा आणून भिंतीला भाताच्या पेजेने चिकटवला. सुतळी लावून अंतरं मोजली. मासे विकायला येणाऱ्या बायका, कणकवलीच्या बाजारातून परतणारे गाडीवान, पोस्टमन, जो दिसेल त्याला विचारलं. फोंड्याच्या घाटात पाणी कुठे मिळतं, गाडी तापली तर थांबायला सावली कुठे, विजयदुर्गात आजीच्या भाच्याचं घर किल्ल्याच्या कितीसं जवळ. मी यातलं काहीही पाहिलेलं नव्हतं. मालवण आणि आचरा सोडून मी कुठेच गेले नव्हते. पण डोळे मिटले की मला आख्खा रस्ता दिसायचा, वळणावळणासकट.

सगळ्यात अवघड काम खाडीचं. आज पूल आहे, माझी नात खिडकी सुद्धा खाली न करता जाईल. तेव्हा आचऱ्याची खाडी ओलांडून मुणग्याच्या बाजूला मोटार न्यायची म्हणजे दोन होड्या एकमेकींना बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या आणि त्यावर गाडी चढवायची. तेही पूर्ण भरतीला, नाहीतर होड्या चिखलात बसणार. भरतीचं गणित आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येतं. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती. मी तिथ्या मोजत बसले. अष्टमीला सहा, फार लवकर, मुलं उठणार नाहीत. एकादशीला सव्वाआठ, पण मग पुढे ऊन. दशमीला साडेसात. बरोब्बर. दशमीला निघायचं, रात्री विजयदुर्ग, एकादशीला घाट चढून आक्काकडे मुक्काम, द्वादशीला कोल्हापूर, त्रयोदशीला आंबोलीवरून सावंतवाडी, कुडाळ करत घरी, धनत्रयोदशीचे दिवे लावायला. आक्काकडचा मुक्काम मीच घातला, हे लक्षात ठेवा. मीच घातला, आणि आक्काला पत्रही मीच लिहिलं. तात्यांनी तो कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले की ह्या चेडवाक तांडेल करूक व्हया, म्हणजे या पोरीला होडीची म्होरकी करायला हवी. मला वाटलं, झालं, आता गाडीत पहिली जागा माझी.

नानाकाका आले तेव्हा आख्खं गाव गाडी बघायला. घरापर्यंत ती येईना, वाळूत चाकं रुतली, म्हणून आचऱ्याला ओळखीच्यांच्या खळ्यात ठेवली. पुढच्या तीन दिवसांत घरात नुसता वास. आई आणि आजी रात्रंदिवस चुलीपाशी, खटखटे लाडू, तांदळाची बोरं, सुक्या खोबऱ्याची चटणी. आक्काला द्यायला सोलं आणि सुका गोलमा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, आमची सुंगटं, घाटावर ती कुठून मिळणार. कुंदा ती एकेक निवडून फडक्यात बांधत होती. तिसऱ्या दिवशी जेवताना नानाकाकांनी माणसं मोजली. ते स्वतः, काकी, दोन मुलं, आजी. एक जागा उरते. सातवं माणूस नको, घाटात इंजिन उकळतं. आई-बाबांना भातकापणी सोडून हलणं शक्य नव्हतं. मी ताटातल्या भातात बोट रुतवून वाट बघत राहिले. बाबा मान वर न करता म्हणाले की कुंदाला न्या, तिची आक्का वाटेवर आहे. बस, एवढंच. कुणी दुसरं नाव सुद्धा घेतलं नाही. कुंदाने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की मला तो झाकून टाकावासा वाटला, टोपलीखाली कोंबडी झाकतात तसा.

मागीलदारी मी आईला गाठलं. म्हटलं, “रस्तो मी काढलंय. दीस मी काढलंय. आणि जातली ती?”

आई मासे कापत होती. तिने हात थांबवला नाही. “रस्तो तू काढलंस, खरा. पण रस्त्यार माणूस तिचा आसा. तुझा कोण आसा थंय?”

मी नकाशा भिंतीवरून ओरबाडून काढला, तर पेजेने इतका घट्ट बसलेला की रत्नागिरी जिल्हा अर्धा भिंतीवरच राहिला.

दशमीची सकाळ. आम्ही सगळेच बैलगाडीने खाडीवर गेलो, निरोपाला. आमच्याकडे कुठल्याही मोठ्या कामाला निघताना गाऱ्हाणं घालतात. घरातला वडील माणूस नारळ हातात घेऊन देवाला मोठ्याने सांगतो की बाबा रे, अमुक अमुक माणसं अमुक ठिकाणी निघाली आहेत, त्यांना सांभाळ. भोवतालचे सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरतात. जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव घ्यावं लागतं. ज्याचं नाव घेतलं तो देवाच्या हवाली, ज्याचं नाही घेतलं तो नाही. आता तात्यांची पंचाईत अशी की नावं त्यांना आठवायची नाहीत. मला ते तीन नावं घेऊन मग माझ्या नावावर यायचे. म्हणून गाऱ्हाण्याच्या वेळी त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहून कानात नावं सांगायची, हे काम दोन वर्षांपासून माझं होतं. माझा आवाज त्यांना बरोबर ऐकू यायचा.

गाडी पुढे उभी. होड्या बांधून तयार. होडीवाले चौघे डोक्याचे रुमाल सोडून उभे. पाणी भरत भरत वरच्या दगडापर्यंत आलेलं. तात्यांनी नारळ दोन्ही हातांत धरला आणि सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या घरातली माणसां गाडी घेवन घाटार जातत. वाटेत खाडी आसा, घाट आसा. चाकाक, माणसाक खंयच अडचण येव नको रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

मग नावं. मी नानाकाकांचं सांगितलं, काकीचं, दोन्ही मुलांची, आजीचं. प्रत्येक नावाला होकार. मग तात्यांनी डावा कान माझ्याकडे झुकवला. मी शपथेवर सांगते, मी काही ठरवून आले नव्हते. माझ्या तोंडात ‘कुंदा’ होतं. कुंदा आमच्या मागे दोन पावलांवर, नवा निळा फ्रॉक घालून, कपड्यांची पिशवी पोटाशी धरून उभी होती, आणि तिच्या त्या साबणाचा वास आला. माझ्या तोंडून बाहेर पडलं, “शालन.”

“आणि आमची शालन,” तात्या मोठ्याने म्हणाले.

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. सवयच ती, जीभ आधी जाते आणि डोकं मागाहून. तोवर नारळ दगडावर फुटला होता आणि एक भकल खाडीत गेलं होतं.

आईने माझ्याकडे बघितलं. काकी हळूच म्हणाली, कुंदा जाणार होती ना. बाबा म्हणाले की तात्या, नाव चुकलं, दुसरं घ्या. तात्यांनी क्षणभर सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं, आपल्या हातून काय झालं ते त्यांना कळेचना. पण पुढचं त्यांना पक्कं माहीत होतं.

“देवाक सांगलां ता सांगलां. एकदा दिल्ललां नाव मागे घेवक येना नाय. आणि जेचा नाव घेतलंय नाय, तेका घाटार धाडूचा नाय.”

आता इथे कुणी म्हणेल की दुसरा नारळ आणायचा, वाद घालायचा. कदाचित घातलाही असता. पण होडीवाल्यांपैकी एकजण म्हणाला की पाणी भरला, बसा, घटकेत उतरूक लागतला. दशमीची साडेसातची भरती. माझंच गणित.

मी म्हणू शकले असते. एक वाक्य होतं. तात्या बिचारे कपाळावर हात मारत होते, ‘माझी खोपडीच फुटकी’ म्हणत होते, आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहून खाडीकडे बघत होते. तेव्हा कुंदा पुढे आली. तिने कपड्यांची पिशवी आणि सुंगटांचं फडकं माझ्या हातात दिलं.

“जावंदे तिका. रस्तो तिकाच म्हायत आसा.”

तिने ऐकलं होतं का? दोन पावलांवर होती. मला आजही माहीत नाही. आज सकाळी ते वाक्य फोनवर वाचलं तेव्हा वाटलं, ऐकलं होतं. आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा वाटायला लागेल, नव्हतं.

त्या प्रवासाचं माझ्या नातीला काय सांगू? विजयदुर्गचा किल्ला मी पाहिला, पण आठवत नाही. तटावरून समुद्र दिसतो म्हणतात. मला आठवतं ते हे की काकी ‘बघ बघ’ म्हणत होती आणि मी कुंदाचा दुसरा फ्रॉक घालून, तो वाऱ्याने उडू नये म्हणून धरून चालत होते. घाटात गाडी खरंच उकळली, आणि पाणी मी सांगितलेल्या जागीच मिळालं. नानाकाकांनी माझी पाठ थोपटली. घाटमाथ्यावर पिवळी फुलं, उतारच्या उतार पिवळे, आणि खाली निळसर धुकट आमचं कोकण. हे सगळं मी डोळे मिटून जास्त चांगलं पाहिलं होतं.

आक्का रस्त्यावरच उभी होती, कडेवर मूल घेऊन. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. तिने लांबूनच खिडकीतला फ्रॉक ओळखला, गेल्या दिवाळीला तिनेच शिवून पाठवलेला, आणि मुलाला तसंच घेऊन धावत सुटली. गाडीपाशी येऊन वाकली. माझं तोंड दिसलं. मग तिने पुढे पाहिलं, मुलांच्या पायांशी पाहिलं, गाडीला वळसा घालून मागे जाऊन पाहिलं, कुंदा लपून गंमत करतेय असं वाटून.

“कुंदा खंय?”

आजीने खाली उतरून तिला जवळ घेतलं आणि गाऱ्हाण्याचं सांगितलं. आक्काने मान हलवली. देवापुढे कोण काय बोलणार. मग तिने माझा गाल धरला आणि म्हणाली की तू इलंस, बरां झालां. आणि आत नेऊन तिने मला शिरवाळे वाढले, तांदळाच्या शेवया नारळाच्या गोड रसात. शिरवाळे कुंदाचे आवडते. घाटावर नारळ महाग, तो तिने महिनाभर जपून ठेवला होता. ती समोर बसून मला खाताना बघत होती, पण मला नव्हती बघत. आणि तुम्हाला सांगते, जागा मिळाली, घाट मिळाला, तिच्या वाटचे शिरवाळे पोटात गेले, आणि तिथे बसून मला कुंदाचा आधीपेक्षा जास्त हेवा वाटला. माझ्यासाठी कधी कुणी गाडीला वळसा घातला नव्हता.

संध्याकाळी आक्काने ट्रंकेतून एक परकर काढला, जांभळा, काठाचा. कुंदासाठी शिवायला घेतलेला. फक्त खालची पट्टी दुमडायची राहिली होती, कुंदा आली की मापाने दुमडणार होती. तिने मला दाराच्या चौकटीला उभं केलं.

“कुंदा आता तुझ्या खंयपर्यंत येता गो?”

मी हात वर केला. माझ्या डोक्याच्या वर दोन बोटं न्यायचा होता. मी तो कानाच्या पाळीशी थांबवला. मी अंगावर घातलेला तिचाच फ्रॉक माझ्या गुडघ्याखाली लोंबत होता, तर म्हटलं, तू वाढत्या मापाचा शिवलायस म्हणून. आक्काने तिथे कोळशाने रेघ मारली, लांब बघत म्हणाली की वाढूक नाय काय ता चेडू, आणि दिव्याशी बसून पट्टी चांगली चार बोटं दुमडली. बारीक टाके घातले, एकेक तांदळाएवढा.

धनत्रयोदशीला दिवे लागायच्या वेळी आम्ही घरी पोचलो. मी परकर कुंदाच्या हातात दिला. तिने मला आक्का कशी आहे विचारलं, मूल कुणासारखं दिसतं विचारलं, मी सगळं भराभर सांगितलं. नरकचतुर्दशीला न्हाऊन तिने तो नेसला. तो तिच्या पोटऱ्यांवर आला. आजूबाजूच्या मुली हसल्या, बगळो म्हणाल्या. आई म्हणाली, आण इकडे, उसवून चार बोटं सोडते, आत कापड आहे की. कुंदाने परकराची पट्टी मुठीत धरली.

“नको काकी. आक्काचे टाके आसत.”

आणि दिवाळीचे चारही दिवस ती तो आखूड परकर नेसून सगळ्या वाडीत फिरली, पोटऱ्या उघड्या टाकून, फराळाची ताटं घेऊन घरोघर. मी ओसरीवर बसून ते बघत होते, आणि मला त्या आखूड परकराचा सुद्धा हेवा वाटत होता.

भाजी गार झाली. ग्रुपात नात विचारतेय की शालनआजी, लिहितेस ना रस्त्याचं. लिहिते म्हटलंय. पण त्याआधी तुम्हीच मला सांगा, वाचताय ते सगळे, लाजू नका. दुसऱ्याची जागा बळकावून बसलात, आणि तिथे बसल्यावर त्याच माणसाचा आणखी हेवा वाटला, असं तुमचं कधी झालंय का? की ही मी एकटीच?